दुपारच्या शिट्टीला ओ देऊ नये

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे, पण त्याआधी मी एका करकोच्याच्या पंखातलं हाड होते. हे आधीच सांगून टाकते, कारण माझी गोष्ट ऐकून काही जण म्हणतील, शिट्टी लाकडाची असती तर असं झालं नसतं. म्हणोत बापडे. लाकडाची आणि वाऱ्याची कसली ओळख? माझा निम्मा जन्म वाऱ्यात गेला आहे.

माझा करकोचा चांगला माणसाच्या छातीएवढा उंच होता. काळी मान, गळ्याशी लाल पट्टा. इबेराच्या पाणथळीत एका उन्हाळ्यात तो आपणहून मेला आणि आन्सेल्मो माइदाना नावाच्या शिकाऱ्याला लव्हाळ्यात सापडला. आन्सेल्मोनं मला राखेच्या पाण्यात उकळलं, आतलं सगळं काडीनं कोरून काढलं, तोंडाशी रानमधमाश्यांचं मेण बसवलं आणि बाजूला एक भोक पाडलं. माझ्यातून दोनच सूर निघतात. एक खालचा, दुसरा त्याहून जरासा वरचा. दोन सुरांवर मी आयुष्य काढलं आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. आन्सेल्मो मला वाजवून तितर बोलवायचा आणि जवळ आले की मारायचा. मीही एके काळी पाखराचंच अंग होते, आणि पाखरांनाच फसवत होते. पण हाडाला कोण विचारतं?

वाजवण्याआधी तो न चुकता चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडायचा. तो पोंबेरोचा मान, रान आणि पाणी राखणाऱ्याचा. बुटका, केसाळ, चालताना ज्याची पावलं वाजत नाहीत असा तो. आमच्या गावात, पासो कारांदायमध्ये, त्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. मीही एकदा घेतलं, आता घेणार नाही.

तळ्याकाठच्या आमच्या चौदा घरांचा एक नियम आहे: माणूस ओरडतो, शिट्टी तो घालतो. पाण्यापलीकडच्या माणसाला बोलवायचं तर पोटातून लांब आरोळी ठोकायची. प्रत्येक घराची आरोळी वेगळी, ऐकणाऱ्याला लगेच कळतं कुणाची ती. पण दुपारी जेवणं होऊन गाव झोपलं, आणि त्या वेळी पाण्याकडून शिट्टी आली, तर ओ द्यायची नाही. ओळखीची वाटली तर मुळीच नाही, कारण तो ओळखीच्याच सुरात बोलावतो. दार लावून घ्यायचं आणि कुंपणाच्या खांबावर तंबाखू आणि घोटभर उसाची दारू ठेवायची. दुसऱ्या सकाळी खांब रिकामा असतो. कोण नेतं ते बघायला कुणी थांबत नाही.

आन्सेल्मो गेला आणि मी त्याच्या मुलाकडे, रुफिनोकडे आले. पुढे शिकारीला बंदी आली. पाणथळ राखीव झाली आणि दुरून दुरून माणसं नुसती पाखरं बघायला येऊ लागली. आधी गावाला हसू आवरेना. “खायचा नाही, विकायचा नाही, तर पक्षी बघायचा कशाला?” असं रुफिनोची बहीण सिक्स्ता म्हणायची. पण रुफिनोला पाणथळीतली वाट न् वाट ठाऊक होती. तो वाटाड्या झाला, आणि मित्रांनो, तेव्हा मला खरा मान मिळाला. माझ्या दोन सुरांना क्रेस्पिन भुलतो, हे रुफिनोनंच शोधून काढलं. हा तपकिरी, तुरेवाला पक्षी कोकिळेच्या कुळातला. दिवसभर ओरडतो आणि कधी दिसत नाही. रुफिनो मला ओठाला लावायचा आणि क्रेस्पिन झुडपाच्या शेंड्यावर येऊन बसायचा. कॅमेरे कडकड वाजायचे. मग पाहुणे मला हातात घेऊन उलटंपालटं करून बघायचे. मी फुगून जायची. आता मरायला नाही, चित्रात बसायला बोलावत होते ना!

मग मोबाइल आले. बोट लावलं की हवा तो पक्षी ओरडतो. रुफिनोची मुलगी नेलिदा वाटाडी झाली ती मोबाइल घेऊनच, आणि मी तीन वर्षं गळांच्या आणि शिशाच्या गोळ्यांच्या डब्यात पडून राहिले. माझं मेण वाळलं, त्याला चीर गेली. रुफिनोसुद्धा मला विसरला, याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी पक्ष्यांना त्रास होतो म्हणून मोबाइलवरच्या आवाजांना बंदी झाली आणि रुफिनोनं डबा उघडला. माझं मेण नवं केलं.

“बाबा, ते हाड पुन्हा तोंडात घालणार?” नेलिदा म्हणाली. “निदान उकळून तरी घ्या. तीन वर्षं माशांच्या संगतीत होतं.”

“तुझ्या मोबाइलला विचार, तो उकळून चालतो का,” रुफिनो म्हणाला.

त्याच आठवड्यात रोझारियो शहराचा एक पाहुणा आला. निवृत्त दातांचा डॉक्टर, एचार्ट त्याचं नाव. वय अडुसष्ट, धाप लागायची, पोहता येत नव्हतं, आणि गळ्यात हातभर लांब भिंगाचा कॅमेरा. सगळ्या देशातली पाखरं त्यानं टिपली होती, एक क्रेस्पिन तेवढा राहिला होता. रुफिनोचा घसा चार दिवसांपासून बसला होता, अंगात कणकण होती. नेलिदा म्हणाली, मी जाते. तो म्हणाला, हाड वाजवायला घसा कशाला लागतो. बुधवारी सकाळी दोघं होडीतून निघाले. शनिवारी दुपारी परत यायचं ठरलं होतं. मधल्या एका उंचवट्यावर मुक्काम करायचा होता, त्यामुळे शनिवारपर्यंत त्यांची वाट बघायचं कुणाला कारण नव्हतं.

मित्रांनो, आमच्याकडची बेटं तरंगतात. गवत, मुळं आणि कुजका पाला यांची गादी होते, तिच्यावर झुडपं वाढतात, आणि खाली दोन पुरुष पाणी. पाऊल टाकलं की चार पावलांवरचं झुडूप हलतं. त्या सकाळी क्रेस्पिन अशाच एका बेटावर ओरडत होता. रुफिनोनं होडी बेटाच्या काठावरच्या झुडपाला बांधली आणि दोघं वर चढले. मग त्यानं खिशातून तंबाखू काढला.

“हे काय करतोयस?” डॉक्टरनं विचारलं.

“काही नाही. रीत आहे.”

“राखीव पाण्यात तंबाखू टाकतोस? अरे, तू वाटाड्या ना? शाळेतली पोरं आली तर त्यांना काय सांगशील?”

रुफिनो ओशाळला. मुलगी मोबाइलवरून टोमणे मारते, पाहुणा तंबाखूवरून. त्यानं पुडी परत खिशात टाकली. आन्सेल्मोनं कधीच टाकली नसती. मला तोंड असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं, की बाबा रे, नको.

त्यानं मला फुंकलं. समोरच्या झुडपातून क्रेस्पिननं उत्तर दिलं. आणि त्याच्या मागोमाग तेच दोन सूर पुन्हा आले, आमच्या पायाखालून. गादीच्या खालून, पाण्यातून.

रुफिनोनं मला ओठापासून काढलं. “डॉक्टर, आता पुरे.”

“पुरे काय? तो पाठ फिरवून बसलाय. एकदा वाजव, बस एकदा. पाखरू वळलं की झालं.”

“खालून आवाज आला, ऐकलात ना?”

“बेडूक असेल. तू शिकारी होतास म्हणे, आणि बेडकाला भितोस?”

रुफिनो पुन्हा एकदा ओशाळला आणि त्यानं मला पुन्हा फुंकलं. क्रेस्पिन वळला. कॅमेरा कडकडला. या वेळी खालून उत्तर आलं नाही, पण बेट एकदाच वर उचललं गेल्यासारखं झालं आणि खाली बसलं. मग दक्षिणेकडून वारा सुटला. लव्हाळे आडवे झाले, मुळं तटातट तुटली आणि काठाचा तुकडा निसटला. होडी त्याच तुकड्याला बांधलेली. होडीत पाण्याची पिंपं, चिपा नावाच्या चीजच्या पावांची पिशवी, गावाशी बोलायचं यंत्र. सगळं आमच्या डोळ्यांदेखत लव्हाळ्यात गेलं. रुफिनोनं धावत जाऊन दोर धरायला बघितलं, तर गादीत एक पाय मांडीपर्यंत गेला आणि गुडघा पिरगळला. डॉक्टरचा मोबाइल त्याला ओढून काढताना पाण्यात पडला. आणि आमचं बेट, आम्हा तिघांना घेऊन, तळ्यावरून हळूहळू सरकायला लागलं.

संध्याकाळी ते गावासमोरच्या काठाच्या लव्हाळ्यात जाऊन अडकलं. गाव दिसत होतं, पण पाण्याच्या पार पलीकडे, बोटाच्या पेराएवढं. मध्ये मगरी आणि दातेरी मासे. रुफिनोनं आरोळी ठोकायला तोंड उघडलं आणि नुसती फुसफुस बाहेर आली. घसा पार गेला होता. डॉक्टर ओरडला, पण त्याच्या ओरडण्यात अर्धी धापच होती.

“मग शिट्टी वाजव की,” डॉक्टर म्हणाला. “ती जाते लांब.”

रुफिनोनं मला ओठापर्यंत नेलं आणि परत खाली आणलं. “जाते,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “पण कुणी येणार नाही.”

“का नाही येणार?”

“कारण तिकडे असतो तर मीही आलो नसतो.”

तरी गुरुवारी त्यानं मला फुंकलं. दुसरा इलाज नव्हता. सकाळी धुकं होतं, वारा उलटा होता, सूर पाण्यावरच विरले. वारा फिरला तो ऐन दुपारी, गाव झोपायच्या वेळेला. आता नशीबच असं खोटं, त्याला कोण काय करणार! दोन सूर, थांबायचं, पुन्हा दोन सूर. मी माझ्या हाडात होता नव्हता तेवढा जोर लावला. त्या दुपारी गावात काय झालं ते मला पुढे त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकून कळलं, म्हणून सांगते.

नेलिदा भांडी विसळत होती. तिनं ऐकलं आणि हात थांबवला. “आत्या, हे बाबांच्या शिट्टीसारखं वाटतंय.”

“वाटणारच,” सिक्स्ता म्हणाली. “तुला काय परक्या सुरात बोलावेल तो? खिडकी लाव.”

“पण खरंच बाबा असतील तर?”

“तुझा बाप ओरडला असता. मेलेल्यालाही उठवेल अशी त्याची आरोळी. शिट्टी घालायला तो काय येडा आहे? शनिवारी येईल तुझा बाप. तंबाखू ठेव खांबावर आणि झोप जरा.”

नेलिदानं खिडकी लावली. तंबाखू ठेवला, दारू ठेवली. आजूबाजूच्या घरांतूनही खिडक्या लागल्याचे आवाज आले. चौदा घरांनी ऐकलं आणि चौदा घरांनी दारं लावली. आम्हाला पाण्यावरून एवढंच दिसलं, की कुणी बाहेर आलं नाही.

रात्र मी सांगत नाही. ती फक्त ओली होती. डॉक्टर बसून राहिला, कारण आडवं झालं की खालचं पाणी कपड्यांत यायचं. तो रुफिनोची माफी मागत राहिला, आणि रुफिनो तापात त्याला आपल्या बापाच्या नावानं हाक मारत राहिला.

शुक्रवारी सकाळी रुफिनोनं मला दोनदा फुंकलं. तिसऱ्या वेळेला श्वास निम्म्यातच संपला. त्याची बोटं सुटली आणि मी गवतात पडले, त्याच्या हातापासून वीतभर लांब. तो शुद्धीवर नव्हता. डॉक्टर पलीकडे पाठमोरा बसून श्वास मोजत होता, त्याला मी दिसलेच नाही. दुपार होत आली आणि वारा पुरता पडला. गवताचं पातं हलत नव्हतं. मी मनात म्हटलं, संपलं. माझा मालक इथे वीतभरावर मरणार आणि मी नुसती बघत राहणार.

त्याच वेळी पलीकडे नेलिदा खांबापाशी उभी होती. तंबाखू जसाच्या तसा होता. दारूवर दोन माश्या मरून तरंगत होत्या.

“आत्या, त्यानं घेतलं नाहीये.”

“आज घेईल.”

“कालचं सकाळपर्यंत जायला हवं होतं. कधी राहिलंय का आजवर? आणि सकाळी पुन्हा शिट्टी झाली. ज्याला बोलवायचा एवढा सोस आहे, त्याला तंबाखू नको?” नेलिदा थांबली. मग म्हणाली, “आत्या, तो नाहीच आहे तिकडे. माणूस आहे.”

तर्क सिक्स्ताचाच होता. भाचीनं नुसता उलटा करून दाखवला. “शिट्टीला ओ दिलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही,” एवढंच ती म्हणाली, आणि मग स्वतःच होडी ढकलायला आली.

नेलिदानं खांबावरचा तंबाखू उचलून बरोबर घेतला. काठ सुटल्यावर तिनं तो पाण्यात सोडला आणि म्हणाली, “तुम्ही नव्हता तरी तुमच्यावर आळ घेतला. राग धरू नका.” मग दोन बोटं तोंडात घालून तिनं शिट्टी घातली. माइदानांच्या घरातल्या माणसानं पाण्यावर, भर दुपारी, शिट्टीला दिलेली ती पहिली ओ.

आता नीट ऐका, मित्रांनो. मी गवतात पडले होते. वारा नव्हता. डॉक्टर पाठमोरा होता, रुफिनो निपचित. आणि माझ्या तोंडाशी असलेलं मेण कोमट झालं.

मग माझ्यातून श्वास गेला. आन्सेल्मोचा श्वास मी ओळखते, रुफिनोचा ओळखते. हा दोघांचाही नव्हता. तो लांब होता, गार होता, आणि त्याला तंबाखूचा वास होता. मी वाजले. दोन सूर, स्वच्छ. लांबून नेलिदाची शिट्टी आली, मी पुन्हा वाजले. तळ्यावर अशी दोनशे बेटं, सगळी सारखी दिसणारी, पण ती एकदाही वाट चुकली नाही. मी भ्याले का? भ्याले. पण त्याहून जास्त मला आनंद झाला, आणि हे सांगायला मला आज लाज वाटत नाही.

डॉक्टरनं आवाज ऐकून मान वळवली. गवताकडे बघितलं. मग पुन्हा मान फिरवली आणि होडी टेकेपर्यंत तो मागे वळला नाही.

रुफिनो वाचला. अकरा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होता, मग घरी आला. एका सकाळी अंगणात बसून तो आणि नेलिदा वाळक्या भोपळ्याच्या एकाच पेल्यातून आळीपाळीनं माते, म्हणजे कडू पाल्याचा चहा, पीत होते. मी त्याच्या खिशात होते.

“गुरुवारी तुला ऐकू आलं होतं?” त्यानं विचारलं.

नेलिदानं भोपळा खाली ठेवला. “आलं होतं.”

“ओळखलंस?”

“ओळखलं. म्हणूनच खिडकी लावली.” तिला रडू फुटलं. “बाबा, मी अख्खा एक दिवस तुम्हाला मरायला सोडलं. कळून सोडलं.”

रुफिनोनं तिच्या हातात भोपळा परत दिला. “तंबाखू चांगला ठेवला होतास ना?”

“चांगला. तुमच्या डब्यातला.”

“मग बापानं शिकवलं तेच केलंस. चूक झाली असेल तर शिकवणाऱ्याची.” त्यानं आपला गुडघा चोळला. “आणि आलीस की. नियम मोडून आलीस.”

“तुम्ही वाजवत राहिलात म्हणून सापडलात. शेवटपर्यंत किती मोठ्यानं वाजवत होतात.”

“शेवटी? शेवटी मी कुठे होतो शुद्धीवर?” रुफिनो म्हणाला. “डॉक्टर वाजवत होता का?”

नेलिदानं नाही म्हणून मान हलवली. तिनं स्वतः मला गवतातून उचललं होतं. ती उठली. तंबाखू घेऊन खांबापाशी जाऊन आली.

रोझारियोहून तेव्हापासून दर वर्षी एक पाकीट येतं. पत्र नसतं, फोटो नसतो. नुसता तंबाखू, तोही उत्तमातला.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. दुरून कुणी बोलावत असेल तर आधी ओ द्या, तो कोण हे मग बघा. चौदा घरांत एकानं जरी खिडकी उघडी ठेवली असती तर वेळेत इलाज होऊन रुफिनोचा गुडघा आज धड असता. आणि घरात माझ्यासारखं काही जुनं, आवाज देणारं असेल, तर ते वापरात ठेवा. रुफिनो आता पाण्यावर जात नाही, पण नेलिदा रोज सकाळी मला एकदा तरी ओठाला लावते, पाहुणे असोत नसोत, आणि मग पुसून खुंटीला टांगते. एका हिवाळ्यात ती कामासाठी शहरात गेली, रुफिनोही बरोबर होता, आणि मी आठ दिवस खुंटीवर नुसती होते. तिसऱ्या दुपारी माझं मेण कोमट झालं. गावानं रीतीप्रमाणे खिडक्या लावून घेतल्या. फक्त सिक्स्ता अंगणात तंबाखू हातात घेऊन उभी राहिली, कारण शिट्टी पाण्याकडून येत नव्हती, घरातून येत होती, आणि तंबाखू कुठे ठेवायचा ते तिला कळेना.